लग्नाचा एक तास बुद्धाचा, आधीचे सहा महिने कुणाचे?

दिवाळी झाली, कापसाच्या दोन वेचण्या घरात आल्या, सोयाबीन बाजारात गेले की फुलसावंगीपासून महागाव, उमरखेड, पुसद, माहूरपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये सोयरिकीचा हंगाम सुरू होतो. पाहुणे येतात, पोहे होतात, मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते, बैठक बसते, साक्षगंध ठरते. मग एप्रिल-मे उजाडेपर्यंत घरात दुसरा विषय निघत नाही. मांडव कुणाचा, आचारी कुठला, बस्ता पुसदला बांधायचा की नांदेडला, डीजे कुठून आणायचा, मुलाला गाडी कोणती द्यायची. शेवटी तो दिवस येतो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर मेणबत्ती पेटते, त्रिसरण-पंचशील होते, जयमंगल अष्टगाथा म्हटली जाते, फुले पडतात. आणि आपण छाती पुढे काढून सांगतो की आमच्याकडे बौद्ध पद्धतीने लग्न झाले.

माझा प्रश्न त्या एका तासाबद्दल नाही. तो तास बौद्ध आहे, मान्य. पण त्याच्या आधीचे सहा महिने कोणत्या धर्माचे असतात?

आपण लग्नाच्या विधीला दीक्षा दिली, लग्नाच्या तयारीला दिलीच नाही. आणि खरे निर्णय होतात ते तयारीत. मुलीचे शिक्षण पुढे चालणार की थांबणार, बापाच्या डोक्यावर किती कर्ज बसणार, नवऱ्याच्या घरी तिचे वजन किती राहणार, पोटजात पाहिली जाणार की नाही, हे सगळे मांडव पडण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. भंतेजी किंवा बौद्धाचार्य येतात तोवर ठरवायला काही उरलेले नसते. म्हणून ज्यांना धम्माचे लग्न हवे आहे त्यांनी विधीवर भांडण्यापेक्षा बैठकीवर भांडले पाहिजे.

बाबासाहेबांनी सांगितलेली यादी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर लोकांसमोर साधा प्रश्न होता. आता लग्न कसे लावायचे? महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी लिहिलेल्या एका पत्रात बाबासाहेबांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू आणि वराच्या मध्ये चौरंगावर मातीचे नवे मडके, काठोकाठ पाण्याने भरलेले. त्या पाण्यात सुताचा धागा, त्याचे एक टोक तिच्या हातात, एक टोक त्याच्या हातात. कुणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांचे कपडे पांढरे. बस.

या यादीची किंमत काढून पाहा. मडके कुंभाराकडे मिळते, सूत घरात असते, पाणी आपण १९२७ ला महाडला हक्काने मिळवले. याची तयारी करायला एक सकाळ पुरते. मग सहा महिने आपण कशाची तयारी करतो? जे या यादीत नाही त्याची.

स्वतः बाबासाहेबांचे आणि माता रमाईचे लग्न भायखळ्याच्या मासळी बाजारात लागले. रात्री बाजार उठल्यावर, उघड्या शेडखाली. तेव्हा दुसरी जागा मिळणे कठीण होते, ते गरिबीचे लग्न होते, असे कुणी म्हणेल. ठीक आहे. पण १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत माईसाहेबांशी झालेल्या लग्नाचे काय? तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. मनात आणले असते तर दिल्लीतले कोणतेही मैदान त्यांना मिळाले असते. त्यांनी घरी, मोजक्या माणसांत, नोंदणी पद्धतीने लग्न केले. हातात काही नसताना केलेले लग्न आणि सगळे हातात असताना केलेले लग्न, दोन्ही साधी आहेत.

त्याच्याही मागे जा. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ ला पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजीशिवाय, अगदी थोड्या खर्चात, आणि तो खर्च सावित्रीमाईंनी केला. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी पूजाविधीची जी पुस्तिका छापली तिच्यात मंगलाष्टके वधू-वरांच्या तोंडी दिली. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्काबद्दल विचारते आणि वराला सर्वांसमोर वचन द्यावे लागते. दीडशे वर्षांपूर्वीची आपली परंपरा ही अशी आहे. तिच्यात मुलगी बोलते. आजच्या बैठकीत मुलगी ट्रे ठेवून आत जाते.

भटजी गेला, भटजीचे वेळापत्रक राहिले

९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी दोन गोष्टी मांडल्या होत्या. जातीच्या आतच लग्न करण्याच्या बंधनावर जात उभी आहे. आणि वरच्यांनी स्वतःला कोंडून घेतले ते पाहून बाकीच्यांनी त्यांचे अनुकरण केले, म्हणून ती पसरली. समाजशास्त्राच्या वर्गात आपल्याला एम. एन. श्रीनिवास यांचे ‘संस्कृतीकरण’ शिकवतात. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात, ही गोष्ट बाबासाहेबांनी त्याच्या कितीतरी आधी सांगितली होती. फरक एवढाच की ते नुसते निरीक्षण नव्हते, तो इशारा होता.

आता आपल्या लग्नाच्या तयारीकडे या इशाऱ्याच्या उजेडात पाहा. बावीस प्रतिज्ञांतल्या आठव्या प्रतिज्ञेने आपण ब्राह्मणाच्या हातून विधी करणे सोडले. ते पाळलेही. मात्र मुहूर्त पंचांगात पाहिला नाही तरी तारीख मात्र दाट मुहूर्ताच्या आठवड्यातच धरतो, कारण ‘तेव्हा सगळ्यांची लग्ने असतात’. मग मंगल कार्यालय महाग, आचारी महाग, डीजे महाग, गाड्या महाग. ज्याला मुहूर्तच नाही त्याने मुहूर्ताचा भाव का द्यावा? बाकीचा समाज ज्या दिवसांत लग्न धरत नाही ते सगळे दिवस आपल्यासाठी मोकळे आहेत. हे स्वातंत्र्य धम्माने दिले आणि आपण ते वापरत नाही.

हळद घ्या. पूर्वी घरच्या बायका अंगणात लावायच्या, अर्ध्या तासात व्हायची. आता हळदीचा वेगळा मांडव, पिवळ्या कपड्यांचा वेगळा बस्ता, वेगळा फोटोग्राफर, वेगळे जेवण. हे धम्मातले नाही, आपल्या आजीच्या चालीतलेही नाही. हे टीव्हीवरच्या मालिकेतून आले. सहस्रकुंडाच्या धबधब्यावर प्री-वेडिंग शूटिंग होते. नवरदेव-नवरी एकमेकांशी धड दहा मिनिटे बोललेले नसतात, पण ड्रोनसमोर हात धरून पळतात. त्यानंतर साक्षगंध, तेही अर्ध्या लग्नाएवढे. मग मानपान. मामाला काय, आत्याला काय, कुणाला दुपट्टा-टोपी, कुणाला पँट-शर्टाचे कापड. या मानपानावरून रुसलेला पाहुणा पंचशील म्हणताना डोळे मिटून हात जोडतो, आणि डोळे उघडल्यावर पुन्हा रुसतो.

‘आमचं काही मागणं नाही’

बैठकीतले सर्वांत घातक वाक्य कोणते? ‘इतके लाख द्या’ हे नव्हे. ते उघड आहे, त्याला निदान विरोध करता येतो. घातक वाक्य हे आहे : ‘आमचं काही मागणं नाही, फक्त लग्न तेवढं चांगलं लावून द्या.’

हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकले आहे आणि ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण फार सुधारक असल्याचे समाधान असते. त्याचा अर्थ काय होतो ते मुलीच्या बापाला विचारा. ‘चांगलं’ म्हणजे किती, हे सांगितलेले नसते. मग तो शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न पाहून अंदाज बांधतो आणि त्याच्याहून थोडे जास्त करतो, कारण उद्या मुलीला टोमणा ऐकावा लागू नये. रोख हुंड्याला निदान आकडा होता. या हुंड्याला आकडाच नाही. वर आंदण येते. कपाट, पलंग, कूलर, भांडी आणि मोटारसायकल. त्याला आपण ‘खुशीनं दिलं’ म्हणतो.

समजा, मुलीकडचा सगळा मिळून खर्च तीन लाख झाला. आजच्या ‘चांगल्या’ लग्नात हा आकडा मोठा नाही. शेतात राबणाऱ्या बाईला दिवसाचे तीनशे रुपये मिळतात असे धरा. तीन लाख म्हणजे तिचे एक हजार दिवस. वर्षात दीडशे दिवस काम मिळाले तर सहा वर्षे आठ महिने, आणि तेही एक रुपया न खाता. यातला एक लाख जर गावातून शेकडा पाच रुपये महिन्याने उचललेला असेल तर महिन्याला पाच हजार व्याज. म्हणजे महिन्याचे सोळा-सतरा दिवस ती माउली फक्त व्याजासाठी निंदण करते. वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते आणि मुद्दल जागेवरच असते. बचत गटातून घेतलेले, घरगुती उद्योगासाठी म्हणून लिहिलेले कर्ज मांडवात गेलेले तुम्हीही पाहिले असेल. पुढे त्याचे हप्ते शेजारणी भरतात किंवा गट फुटतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे कळले. त्या आत्महत्यांची मदत ठरवताना सरकार बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज मोजते. लग्नासाठी चिठ्ठीवर आणलेले पैसे कोणत्याच कागदावर नसतात. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो आपला भूमिहीन मजूर तर त्या मोजणीतच येत नाही. म्हणजे लग्नाने बुडालेला आपला माणूस आकड्यांतही दिसत नाही. निदान आपल्याला तरी दिसला पाहिजे.

आता नोकरीवाल्यांबद्दल बोलू, कारण गप्प बसून चालणार नाही. शिक्षक, पोलीस, तलाठी, बँकेतला मुलगा असला की बैठकीत त्याचा भाव वेगळा लागतो. भावांनो, ती नोकरी तुमच्या अभ्यासाची आहे, नाही कोण म्हणतो? पण ती जागा ज्या घटनेमुळे आणि ज्या आरक्षणामुळे तुमच्यापर्यंत आली तिच्यामागे रमाईच्या चार लेकरांचे मरण आहे, आंदोलनात डोकी फुटलेल्या माणसांचे रक्त आहे. समाजाने मिळवून दिलेल्या त्या जागेची किंमत तुम्ही समाजातल्याच एका मजुराकडून मोटारसायकलच्या रूपाने वसूल करता, आणि त्याच मोटारसायकलला निळा झेंडा लावून १४ एप्रिलच्या रॅलीत फिरता. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

कायदाही माहीत असू द्या. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे. शिक्षा किमान पाच वर्षे कैद, आणि दंड किमान पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यातला जो जास्त असेल तो. नुसती मागणी केली तरी गुन्हा होतो. नाव ‘हुंडा’ असो की ‘आंदण’, लग्नाच्या बदल्यात दिलेली वस्तू हुंडाच असते. न मागता, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींची यादी करून त्यावर सही घ्यावी, अशी तरतूद आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती यादी केली?

बैठकीत कोण नसते

सतरंजीवर पंधरा पुरुष बसतात. मुलाचा काका, मामा, मावसा, गावातले प्रतिष्ठित, एखादा पक्षाचा तालुकाध्यक्ष. बायका आत चुलीजवळ. आणि जिचे आयुष्य ठरते आहे ती दाराच्या फटीतून ऐकत असते. २० जुलै १९४२ ला नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत, ज्या परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. लग्न ही एक जबाबदारी आहे, मुले स्वतःच्या पायावर उभी राहिल्याशिवाय ती त्यांच्यावर लादू नका, आणि बायको ही नवऱ्याची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण असली पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय होता. मैत्रीण व्हायचे असेल तर आधी बोलावे लागते. जिला बैठकीत बसायला जागा नाही तिला घरात बरोबरीची जागा कुठून मिळणार?

त्याच बैठकीत आणखी एक पाहुणा चोरपावलाने येतो. पोटजात. बायोडाटावर धर्म ‘बौद्ध’ असे लिहिलेले असते आणि खाली हळूच सोमवंशी, लाडवन, बावणे यांतले एक. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी आंतरजातीय लग्न हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. आपण अजून पोटजातीच्या बाहेर सोयरीक करायला तयार नाही, मातंग किंवा चर्मकार घरात मुलगी देणे तर दूरच. मग इतरांनी आपल्याला जवळ करावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

इथे सरकारचाही हिशेब करू. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसह मागासवर्गीयांच्या सामूहिक विवाहासाठी सामाजिक न्याय विभागाची जी योजना आहे तिचे नाव ‘कन्यादान योजना’ आहे. मुलगी ही दान करायची वस्तू आहे, हा विचार ज्या शब्दात आहे तोच शब्द बौद्ध जोडप्याच्या अर्जावर छापलेला. पैसा जनतेचा आहे, अवश्य घ्या. पण नाव बदला, अशी मागणी प्रत्येक सामूहिक विवाह सोहळ्याच्या मंचावरून का होत नाही?

‘आम्हीच का साधे राहायचे?’

या लेखाला एक आक्षेप येणार आणि तो हलका नाही. शेकडो वर्षे आपल्याला घोड्यावर बसू दिले नाही, वाजंत्री वाजवू दिली नाही, गावातून वरात नेऊ दिली नाही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला ठाकुरांच्या गावातून वरात नेण्यासाठी महिनोन्महिने झगडावे लागले आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात वरात निघाली. अशा देशात आता कुठे आपल्याला थाटामाटाचे दिवस आले, तर तुम्ही म्हणता साधे राहा? बाकीचे करतात तेव्हा कुणी बोलत नाही, आपल्याच लोकांना उपदेश कशाला?

यातला राग खरा आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. रस्त्यावरून वरात नेण्याचा हक्क कुणी अडवला तर त्या वरातीत सर्वांत पुढे चालले पाहिजे. महाडला बाबासाहेबांनी बायकांना जुनी, अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि अंगावरचे ओझ्याचे दागिने टाकायला सांगितले. नीटनेटके राहा म्हणाले. फाटके राहा असे ते कधीच म्हणाले नाहीत. चांगले कपडे, पोटभर जेवण, चार माणसांत आनंद, याला माझा विरोध नाही.

पण हक्क आणि बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कासगंजच्या त्या लढाईत प्रश्न रस्ता कुणाचा हा होता. आपल्या मांडवात तो प्रश्न नसतो. इथे पैसा जातो तो मांडववाल्याकडे, सराफाकडे, कापड दुकानदाराकडे आणि सावकाराकडे. त्यांतले आपले किती आहेत ते मोजा. ज्या गल्ल्यात आपला बाप कर्जाचे पैसे टाकतो त्या गल्ल्याच्या मागे बसलेला माणूस आपल्या थाटाने दबत नाही, तो खूश होतो. आणि ज्याच्याकडे आपण शेकड्याने हात पसरला त्याच्यासमोर निवडणुकीच्या दिवशी ताठ उभे राहता येत नाही, त्याच्या शेतातली मजुरी वाढवून मागता येत नाही. अॅट्रॉसिटीची तक्रार द्यायची वेळ आली तर साक्षीदार फुटतात, त्याच्या मुळाशी अनेकदा हेच देणे असते. एका रात्रीच्या मानासाठी पाच वर्षांचा स्वाभिमान गहाण पडत असेल तर तो सौदा आपल्या फायद्याचा नाही.

या सहा महिन्यांत काय करायचे

नुसती टीका करून थांबणे बरोबर नाही. सहा महिने हातात असतात, ते चांगल्या कामाला लावता येतात.

पहिली बैठक मुलगा आणि मुलगी दोघांना शेजारी बसवूनच सुरू करा. आधी त्या दोघांना वेगळे बोलू द्या, एकदा नव्हे, दोन-तीनदा. मुलीला शिकायचे आहे का, नोकरी करायची आहे का, हे मुलीच्या तोंडून सर्वांनी ऐकावे. दोघींकडच्या आया सतरंजीवर बसाव्यात. आणि एका वहीत लिहावे : देणे-घेणे शून्य, खर्च दोघांचा निम्मा-निम्मा, पाहुणे इतके. ‘चांगलं लग्न’ हा शब्द कुणी काढला तर तिथेच विचारावे, चांगले म्हणजे किती रुपये? आकडा उघडा पडला की निम्मी मागणी गळून पडते.

कुंडली आपण पाहत नाही, चांगले आहे. त्या जागी सिकलसेलची तपासणी करा. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही हा आजार आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्यात दोष नसेल तर मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते आणि गरज पडली तर पुढची पक्की तपासणी. मुलगा आणि मुलगी दोघांचीही करायची, फक्त मुलीची नव्हे. वाहक असणे हा आजार नाही, ते लपवायचेही कारण नाही आणि कुणाला नाकारून बदनाम करायचेही नाही. दोघे वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्या दोघांनीच निर्णय करावा. प्री-वेडिंगच्या फोटोंपेक्षा हा एक कागद त्यांच्या लेकरांना जास्त उपयोगी पडेल.

वय पाहा. मुलगी अठरा, मुलगा एकवीस पूर्ण, शाळेच्या दाखल्यावरून. २००६ च्या कायद्याने याच्या आतले लग्न बालविवाह आहे आणि मांडवात मिरवणारे मोठेही गुन्ह्यात येतात. आपल्या वस्तीत असे ठरत असेल तर १०९८ वर फोन करणे हे समाजद्रोहाचे काम नाही, धम्माचे काम आहे.

नोंदणीचे आधीच ठरवा. बौद्धांची लग्ने १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच मोडतात, हे आपल्याला आवडो न आवडो, आजचे वास्तव आहे. संस्थेने दिलेले प्रमाणपत्र जपून ठेवा, पण त्याने सरकारी नोंदणी होत नाही. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करायची असते आणि गावात ती ग्रामसेवकाकडे होते. ज्यांना कोणत्याही धर्माच्या कायद्याबाहेर लग्न करायचे आहे किंवा आंतरधर्मीय करायचे आहे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा लागतो, नोटीस देऊन तीस दिवस थांबावे लागते, तीन साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न करावे लागते. म्हणजे तयारीचे महिने खरे तर यासाठी हवेत.

साक्षगंध, हळद आणि लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात आणा. तारीख मुहूर्ताच्या गर्दीबाहेरची घ्या. तारखेला अर्थच हवा असेल तर २५ डिसेंबर घ्या. त्या दिवशी १८७३ ला पहिले सत्यशोधक लग्न लागले आणि १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली. थंडीचे दिवस असतात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना मांडवात शिजवावे लागत नाही. जागा विहाराची किंवा शाळेच्या पटांगणाची. जेवण साधे पण पोटभर. वाचलेले पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात किंवा तिच्या फीमध्ये.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट. आपण लग्नात मंचावर जाऊन दोन शब्द बोलतो. आदर्श विवाह, फुले-शाहू-आंबेडकरांचा वारसा वगैरे. त्या माइकवर बोलून काही होत नाही, तोवर पैसे खर्च झालेले असतात. आपली जागा बैठकीच्या सतरंजीवर आहे. ज्या लग्नाची बैठक आपण पाहिली नाही किंवा जिच्या बैठकीत देणे-घेणे झाले, तिथे मंचावर बसायचे नाही, सत्कार घ्यायचा नाही, असे महागाव तालुक्यातल्या दहा कार्यकर्त्यांनी जरी ठरवले तरी पुढच्या हंगामात लोक विचार करतील. पुढाऱ्याशिवाय मांडव सुना वाटतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. ती ताकद एकदा वापरून पाहू.

कापूस वेचायला आला आहे. बैठका सुरू होतील. तुमच्या घरी, तुमच्या मित्राच्या घरी, तुमच्या बहिणीसाठी. तरुणांनो, तुम्ही नवरदेव असाल तर तुमचे काम सगळ्यांत सोपे आहे. बैठकीत उभे राहून एकच वाक्य म्हणायचे : मला काही नको, आणि खर्चाचा निम्मा वाटा माझा. मुलींनो, ट्रे ठेवून आत जाऊ नका. तिथेच बसा.

जय भीम. नमो बुद्धाय.